दगडालाही तिकीट हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका पालकांचं पत्र वाचलं. सुटीत मुलांसाठी एक तर हजारो रुपये फीचं शिबिर, नाहीतर दिवसभर मोबाईल, तिसरं काही उरलेलंच नाही, असा त्यांचा सूर होता. फीचं गणित त्यांचं बरोबर आहे. तिसरं काही उरलेलं नाही, हे मात्र मला पटलं नाही.

मी एसटीचा निवृत्त वाहक. एकतीस वर्षं डबल बेल मारली. त्या नोकरीत पगाराबाहेर जो काही आनंद मिळाला, त्यातला बराचसा नदीच्या गोट्यांत मिळाला आणि त्याला एक पैसा पडला नाही. चपला झिजल्या तेवढ्याच.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा त्या नदीवर गेलो तो टमरेल घेऊन. १९८६ चा एप्रिल. नेवासे तालुक्यातल्या प्रवराकाठच्या एका गावात आमची मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी साडेसातला पोचायची, सकाळी सहाला सुटायची. ड्रायव्हर गाडीतच आडवे व्हायचे, मी देवळाच्या ओट्यावर. पहाटे नदीवर गेलो तर पात्रात पाणी घोट्याएवढं आणि बाकी सगळं गोट्यांचं माळरान. उजाडत होतं. पाण्याच्या कडेला एक दगड असा दिसला की मी टमरेल खाली ठेवलं. अंगठ्याएवढाच. कांदा आडवा कापल्यावर चकत्या दिसतात ना, तशी त्याच्यावर वलयं. राखाडी, मग पांढरं, मग पुन्हा राखाडी, आणि मधोमध मधासारखा एक ठिपका. रुमालात गुंडाळून पैशांच्या बॅगेत टाकला.

नेवासे स्टँडवर ड्रायव्हरला दाखवायला रुमाल सोडला, तर आत साधा मळकट खडा. वाळला होता. आमच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणायचे. मामा म्हणाले, "कंडक्टर, हा गोटा आहे." मी त्याला थुंकी लावली. वलयं परत आली. मामांनी बघितलं, पान थुंकलं आणि म्हणाले, "मग काय, जन्मभर थुंकी लावत बसणार का?"

तशी लावत बसलोय, त्याला आता चाळीस वर्षं होत आली.

तो दगड अकीक (इंग्रजीत अ‍ॅगेट) होता, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. कसा बनतो, तेही हळूहळू समजत गेलं. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज निम्म्याहून जास्त महाराष्ट्र त्यावर उभा आहे. भाकरी भाजताना तिला फुगे येतात, तसे त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले. तो थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजांचं पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतीवर एकेक पातळ पापुद्रा चढत गेला. तीच ती कांद्याची वलयं. काळा दगड ऊनपावसानं कुजतो, त्याचा मुरूम होतो, त्याची माती होते. अकीक कुजत नाही. तो नुसता मोकळा होतो आणि ओढ्यानं, ओहोळानं नदीत येतो.

एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात आणि त्यावर भाडं ठरतं. नदीतही टप्पे असतात. कोपरे धारदार असलेला दगड जवळचा प्रवासी, कुठल्या तरी शेजारच्या ओढ्यावर चढलेला. अंड्यासारखा गुळगुळीत झालेला असेल तर समजायचं, लांबून आलाय. भंडारदऱ्याच्या डोंगरांत निघालेली प्रवरा आमच्याकडे टोक्याला गोदावरीत उतरते. तिथे संगमावर उभं राहून हातात गोटा घेतला की मी आधी मनातल्या मनात त्याचे टप्पे मोजतो. सवय.

पत्र लिहिणाऱ्या त्या पालकांना उपयोगी पडेल ते आता सांगतो.

पावसाळ्यात जायचं नाही. पूर ओसरून पाणी नितळलं की, म्हणजे दिवाळीनंतर सुरुवात करावी. भर हंगाम मार्च ते मे. नदी जिथे वळते तिथे बाहेरच्या काठाला ती खाते आणि आतल्या काठाला ओकते. आपण आतल्या बाजूला जायचं, गोट्यांचा पट्टा तिथेच पडलेला असतो. सूर्य डोक्यावर आला की घरी यायचं, कारण तेव्हा सगळे दगड सारखेच दिसतात. सकाळी आठच्या आत, सूर्याकडे तोंड करून हळू चालायचं. काळा दगड उजेड अडवतो. अकीक आणि गारगोटी मात्र उजेड थोडा आत घेतात, त्यांच्या कडा निखाऱ्यासारख्या उजळतात. शंभर पावलांवरून एखादा तसा डोळ्यात भरला की पोटात जे होतं ते मला लिहिता येणार नाही. दहातले सात वेळा ती बाटलीची काच निघते, हेही सांगून ठेवतो.

काच निघाली तर टाकू नका, पिशवीत ठेवा. पुढची परीक्षा तिच्यावरच घ्यायची. दगडाच्या कोपऱ्यानं काचेवर ओरखडा उठला तर तो गारगोटीच्या कुळातला. उलट खिळ्यानं दगडावरच सहज ओरखडा उठला, तर तो बहुधा कॅल्साईट, म्हणजे चुन्याच्या जातीचा. त्याची थोडी भुकटी करून लिंबू पिळलं तर बुडबुडे येतात. आमच्या नातवाला याचं इतकं वेड लागलं की त्यानं एका दिवसात घरातली सगळी लिंबं संपवली आणि सौ.नी दोघांनाही जेवायला वरणाबरोबर नुसतं मीठ वाढलं.

तांबडा, मेणचट, कुठेही उजेड आत न घेणारा दगड मिळाला तर तो जास्पर. हिरवट किंवा पिवळसरही असतो. ठिणगी पाडायला आमचे आजोबा जो चकमकीचा दगड वापरायचे तो याच नात्यातला. मोरपिशी, गुलाबी स्फटिकांचे गुच्छ मात्र नदीत शोधू नका. स्टिलबाईट, अपोफिलाईट असली नावं असलेले ते स्फटिक नाजूक असतात, नदीच्या धक्क्यांत टिकत नाहीत. ते विहिरी खोदताना आणि खाणीत निघतात. बघायचेच असतील तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे मुलांना न्या. आमच्या गाडीचा तो रूट नव्हता. निवृत्तीनंतर तिकीट काढून गेलो आणि चार तास बाहेर आलो नाही.

हे झालं नदीनं घडवलेल्या दगडांचं. आमच्या प्रवरेवर दुसरेही दगड मिळतात, माणसानं घडवलेले.

नेवासे म्हटलं की लोकांना ज्ञानेश्वरी आणि ती सांगताना ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले तो पैसाचा खांब आठवतो, ते योग्यच आहे. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक ह. धी. सांकळिया यांनी १९५४ पासून इथे उत्खनन केलं आणि जगभरच्या अभ्यासकांना नेवासे माहीत झालं ते दगडांमुळे. गावाजवळच्या लाडमोड टेकडीत एकाखाली एक वस्त्या निघाल्या. नदीच्या काठात, खडीच्या थरांमध्ये, त्याहून कितीतरी जुनी अश्मयुगातली हत्यारं मिळाली. तळाच्या थरात काळ्या दगडाच्या जड हातकुऱ्हाडी, आणि वरच्या थरात अकीक-जास्परच्या लहान तासण्या, म्हणजे कातडं-लाकूड तासायची हत्यारं. म्हणजे मी रुमालात बांधला तो दगड त्या माणसांनीही याच नदीतून निवडून उचलला होता, फक्त त्यांनी त्याला धार केली.

तशी एक तासणी मला १९८९ साली मिळाली. शेंदरी जास्परची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. एका बाजूला दगड फोडताना जिथे घाव बसला तिथे तांदळाच्या पापडीसारखा हलका फुगवटा, आणि त्यापासून शिंपल्यावर असतात तशा लाटा पसरत गेलेल्या. दुसऱ्या बाजूची कड बारीक बारीक ढलप्या काढून अर्धगोल केलेली. नदीच्या धक्क्यानं दगड फुटतो, पण कडेला ओळीनं सारख्या मापाच्या बारा-पंधरा ढलप्या नदी काढत नाही. मी ती उजव्या हातात धरून बघितली, नीट बसेना. डाव्या हातात घेतली तर अंगठा आपोआप एका खोलगट जागेत जाऊन टेकला. मी गोट्यांवर खाली बसलो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती, तरी बसलो. मामांनी हॉर्न दिला तेव्हा उठलो.

आता माझी चूक सांगतो, कारण तिच्यापायीच हे पत्र एवढं लांबलंय.

१९९१ चा मे. तेच गाव, मुक्काम तोच. नदीनं खालच्या अंगाला काठ तासला होता आणि दोन पुरुष उंचीची उभी दरड उघडी पडली होती. अशी दरड म्हणजे वहीच्या पानांसारखी असते. सगळ्यात खाली काळा पाषाण. त्यावर चुन्यानं सिमेंटासारखी बांधली गेलेली खडी. मग तपकिरी गाळ, पुन्हा बारीक खडी, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळी माती, आणि अगदी वर आपली काळी. त्यातल्या कुठल्यातरी खडीच्या थरात मला एक दात दिसला. खडीतून बाहेर डोकावणारा, कॉफीच्या रंगाचा, माझ्या मधल्या बोटाएवढा उंच. चघळायची बाजू बाहेर होती आणि तिच्यावर चंद्रकोरींची नक्षी होती. गाईबैलांच्या दाढेवर असते तशीच, पण दाढ केवढी तरी मोठी.

हातानं हलेना. मी गाडीवर गेलो, टॉमी घेऊन आलो आणि ज्या हत्यारानं ट्रकचं चाक उचकटतात त्यानं हजारो वर्षांचा दात उचकटला. तो मधोमध तुटला. अर्धा हातात आला, अर्धा आतच चुरा झाला. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही, अर्धा का होईना मिळाला म्हणून आनंदच झाला. जीभ लावून पाहिली, चिकटली. जुन्या हाडाची ही एक खूण असते. बारीक छिद्रांमुळे ते ओठाजिभेला चिकटतं. आणि वजनाला दगड.

सहा वर्षांनी पुण्याहून नद्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आमच्या गाडीत होत्या. पायाशी पिशवी, पिशवीत हातोडी, टेप, कागद. मी तिकीट फाडता फाडता विचारलं, बोलणं निघालं, आणि परतीच्या दिवशी मी तो अर्धा दात त्यांना दाखवला. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, हा रानबैलाच्या कुळातला दिसतो, नर्मदेवरून ज्याचं नाव पडलंय तो बोस नॅमॅडिकस. असे दात-हाडं गोदावरी-प्रवरेच्या जुन्या खडीत मिळतात. नांदूर मधमेश्वरजवळच्या गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाल्याचं तर १९०५ सालीच छापून आलंय. मी खुशीत. मग त्यांनी विचारलं, "काका, कुठल्या थरातून निघाला? खालच्या खडीतून की वरच्या?"

मला आठवेना. खूप ताण दिला. खालच्या की वरच्या? दरड नेमकी कोणती, तेही सांगता येईना. मधल्या सहा पावसाळ्यांत नदीनं तो काठच नेला होता. बाई रागावल्या नाहीत. दात रुमालात गुंडाळून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "छान आहे. जपून ठेवा." खालची खडी आणि वरची खडी यांत कितीतरी हजार वर्षांचं अंतर असतं. कुठल्या थरातला हे माहीत असतं तर त्या दातावरून काही सांगता आलं असतं. आता तो फक्त एक दात होता.

त्या रात्री ओट्यावर झोप लागली नाही. मी दिवसभर काय करत होतो? तिकिटं देत होतो. कुठून कुठे, कोणती तारीख. विनातिकीट माणूस सापडला तर त्याला दंड करत होतो. आणि माझ्या ट्रंकेत तीन-चारशे दगड विनातिकीट बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी दगडाला तिकीट द्यायला लागलो. जुन्या वेबिलाच्या, म्हणजे वाहकाच्या हिशोबाच्या कागदाच्या, कोऱ्या बाजूचा तुकडा फाडायचा आणि जागेवरच, दगड खिशात घालायच्या आधी, पेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिलीनंच, कारण शाई घामानं फुटते. तारीख, गाव, नदीचा कोणता काठ, जवळची न हलणारी खूण म्हणजे देऊळ, पूल, मोठी विहीर, आणि तिथून किती पावलं. सुटा पडलेला होता की काठात बसलेला होता. काठात असेल तर कोणत्या थरात, वरून किती हात खाली. काठात बसलेला असेल तर आता मी काढत नाही. फोटो काढतो, बाजूला पेन ठेवतो म्हणजे माप कळतं, आणि लिहून ठेवतो.

आमच्या वेळी तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, प्रत्येक दराच्या तिकिटांना वेगळा कप्पा. मशीन आल्यावर त्या पेट्या गेल्या. पेटी आगारात जमा करावी लागली, पण तिचं माप मनात पक्कं होतं. सुताराकडून तशीच लाकडी करून घेतली. आज तिच्यात एकशे साठ दगड आहेत आणि प्रत्येकाखाली तिकीट आहे. शेवटच्या कप्प्यात तो अर्धा दात. त्याखाली कागद नाही.

आई होती तोवर तिला हे खूळ पसंत नव्हतं. "नदीतले दगड घरात कोण आणतं?" असं तिचं म्हणणं. याचं उत्तर मला आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी दिलं. त्यांच्या देवघरात पंचायतन आहे. त्यांनी ताम्हनातले पाच दगड एकेक करून दाखवले. शंकर म्हणजे नर्मदेतला बाण, बाणलिंग म्हणतात तो. विष्णू म्हणजे गंडकीतला शाळिग्राम. गणपती म्हणजे शोण नदीतला तांबडा शोणभद्र. देवी म्हणजे सुवर्णमुखी नदीतला सोनेरी झाकेचा दगड. सूर्य म्हणजे स्फटिक. मी आईला म्हटलं, बघ, नदीतले दगड लोक घरात आणतात, आणि शिवाय कुठल्या नदीतला हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवतात. तिकिटासकट आहेत हे. आई म्हणाली, "तू त्यांची पूजा कर मग." आईशी वाद घालून कुणी जिंकलंय का!

पण त्या शाळिग्रामाबद्दल थोडं लिहितोच. पुष्कळ घरांत तो आहे, तुळशीच्या लग्नाला बाहेर निघतो, आणि मुलांना कुणी सांगत नाही की तो जीवाश्म आहे. नेपाळात मुक्तिनाथाच्या बाजूला, जिथे आज हिमालय आहे, तिथे पूर्वी समुद्र होता. त्यात शिंगासारख्या गुंडाळलेल्या शंखात राहणारे अमोनाईट नावाचे प्राणी होते. ते तळाच्या काळ्या चिखलात गाडले गेले, चिखलाचा दगड झाला, समुद्राचा डोंगर झाला आणि काळी गंडकी आता ते दगड सोडवून खाली आणते. शाळिग्रामावर जे चक्र म्हणतात ते त्या शंखाचं वेटोळं. आणि गंमत म्हणजे हे अमोनाईट जगातून कायमचे गेले तो काळ आणि आपला काळा दगड लाव्हा होऊन पसरत होता तो काळ साधारण एकच. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा मला भीती होती. ते थोडा वेळ शाळिग्रामाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा मत्स्यावताराच्याही आधीपासून आहे तर." मी हो म्हटलं. त्यांच्या हिशोबानं ते खरंच असावं.

आता तक्रारीचं. पत्र संपादकांना आहे म्हटल्यावर तक्रार हवीच.

आमच्या लहानपणी घर बांधायचं तर दारात नदीच्या वाळूचा ढीग पडायचा. आम्ही पोरं त्यात दिवसभर. शिंपले, गोगलगायीचे शंख, रंगीत खडे, सगळं त्या ढिगात मिळायचं. नदी दारात यायची म्हणा ना. आता क्रश सँड येते. ती खाणीतला दगड दळून केलेली असते, तिच्यात शोधायला काही नसतं. नदीतल्या वाळूवरचा भार त्यानं हलका होणार असेल तर चांगलंच आहे, पण नदीतला उपसा काही थांबलेला दिसत नाही. रात्री पोकलेन उतरतं, वाळू चाळून डंपरमध्ये जाते आणि चाळणीवर उरलेले गोटे ढिगानं काठावर पडतात. हौशी माणसाला तो ढीग म्हणजे खजिनाच वाटतो. मीही तिथे चाळत बसतो. पण तिथला प्रत्येक दगड विनातिकीट. कुठून उपसला, कोणत्या थरातून आला, ते मशीन चालवणाऱ्यालाही माहीत नाही. मी टॉमीनं एका दाताचं जे केलं, ते इथे अख्ख्या काठाचं होतंय. आमच्या गावच्या बाजूला वाळू संपली तेव्हा जुनी बांधीव खडीही भर म्हणून उचलली गेली. ज्या थरांवरून शास्त्रज्ञ भांडतात त्यांवर आता कुणाच्या तरी प्लॉटचा रस्ता आहे.

या थरांत काय काय असतं, याचं एकच उदाहरण देतो. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठावर बोरी गाव आहे. तिथल्या काठात पांढऱ्या राखेचा थर आहे. राख आपल्या इथली नव्हे, तिकडे सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. हजारो किलोमीटरवरून वाऱ्यावर आली आणि कुकडीच्या गाळात निजली. तोबा हे नाव ऐकून मामा म्हणाले असते, तोबा तोबा. मामा आता नाहीत.

शोधणारा शिकलेलाच असला पाहिजे, असं काही नाही. याच प्रवरेवर दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाला. आज तो रथ पुस्तकांत आहे.

मुलांना नेणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. डोहाकडे जायचं नाही, आणि वाळू उपसलेल्या खड्ड्यांकडे तर अजिबात नाही. वरून पाणी गुडघाभर दिसतं, आत दोन पुरुष असतं. दरडीखाली उभं राहायचं नाही, उन्हाळ्यात तडकलेली दरड आवाज न करता येते. नदीपुढे शहाणपण चालत नाही. नागपूरजवळ टाकळीला ज्यांनी जीवाश्म शोधले ते स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन माणसांनी मांडलेली दगडांची वर्तुळं, पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले, आणि ते तर नदीनाले चांगले ओळखणारे गृहस्थ होते. तिसरी गोष्ट, देवळाजवळचा, टेकाडावरचा, संरक्षित जागेवरचा एक खडाही उचलायचा नाही आणि कुठेही खणायचं नाही. धार केलेला दगड, हाड, दात दिसला तर फोटो, खूण, पावलं, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या भूगोल-भूशास्त्राच्या शिक्षकांना कळवायचं. साधे गोटे मात्र दोन-चार घरी आणावेत. पोतं भरून आणू नये, बाकीच्या पोरांनाही काही राहू द्यावं.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेला मी माझी पेटी देऊ केली होती. शाळेनं नम्रपणे सांगितलं की कपाटात जागा नाही, बक्षिसांच्या ढाली आहेत. हरकत नाही. आता रविवारी सकाळी पाच-सहा मुलं माझ्याबरोबर येतात. जायकवाडीचं पाणी मेमध्ये मागे हटलं की टोक्याच्या बाजूला बराच काठ उघडा पडतो, तिथे जातो. प्रत्येकाला मी फाडलेल्या कागदांचा एक गठ्ठा आणि एक पेन्सिल देतो. एक मुलगी आहे, चौथीतली. गेल्या महिन्यात तिनं एक वांगी रंगाचा अकीक उचलला, बघितला आणि परत जागेवर ठेवून दिला. मी विचारलं, का गं, आवडला नाही? म्हणाली, "आवडला. पण आबा, माझी पेन्सिल हरवलीये."

मी माझी दिली.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
नेवासे, जि. अहिल्यानगर

ता. क. त्या पालकांना एवढं कळवा, दगड घरी आणायच्या आधी उन्हात पूर्ण वाळू द्या. वाळल्यावरही मुलाला आवडला तरच आणा. आमच्या सौ.चा हा नियम आहे, आणि तो मी मोडतो.